दार उघडेपर्यंत

दार आतून लागलं तेव्हा मन्मथला आधी वाटलं, वाऱ्यानं लागलं असेल. पण लगोलग कडी सरकल्याचा आवाज आला. तो जीपच्या मागं वाकून आपली लोखंडी ट्रंक ओढत होता, टोपी सांभाळत. आणि सुभेदार निवृत्ती त्याच्याआधी फाटकापाशी पोचले होते. दुपार होती. गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्या घराच्या ओट्यावर रिकामे हंडे, घागरी, तेलाचे डबे एका ओळीत टँकरची वाट पाहत मांडून ठेवलेले होते. ट्रंक खाली ठेवून तो फाटकातून आत गेला आणि हसत, सवयीनं, दाराची साखळी वाजवली. कुणी आलं नाही. आत मघाशी पिठाच्या डब्याच्या झाकणासारखा काही आवाज आला होता, तोही थांबला. त्यानं हाक मारली नाही. का मारली नाही, हे पुढं कितीतरी दिवस त्याला कळलं नाही. एक साधी हाक, ‘सिंधु, मी आलोय’, एवढ्यानं सगळं मिटलं असतं. पण दाराच्या त्या बाजूला कुणीतरी उभं आहे आणि उघडत नाही, हे त्याला जाणवलं. त्यानं मागं वळून निवृत्तींकडं पाहिलं. ते फाटकाशीच थांबले होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “साहेब,” ते हळू म्हणाले, “चूक झाली. ही जीप इथं आणायला नव्हती पाहिजे.”

तेव्हाही त्याला लगेच समजलं नाही. निवृत्ती त्याला तासाभरापूर्वी स्टेशनवर भेटले होते. मद्रासहून सिकंदराबाद आणि तिथून मीटरगेजच्या गाडीनं तो नांदेडला उतरला. रजा अचानक मिळाली होती, तार करायला वेळ नव्हता. आणि खरं म्हणजे, न कळवता जाऊन दारात उभं राहायचं असा एक पोरकट बेतही मनात होता. प्लॅटफॉर्मवर पांढरा युनिफॉर्म बघून या गृहस्थांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. लष्करातून निवृत्त झालेले, आता माजी सैनिकांच्या कचेरीत काम करणारे, छातीवर रंगीत फितींची पट्टी. “आमच्या जिल्ह्यात नेव्हीचा कमांडर, आन रिक्षात बसून जाणार? न्हाई जमायचं,” म्हणून त्यांनी ट्रंक जीपमध्ये टाकायला लावली. वाटेत ते सांगत होते, पाऊस नाही, विहिरींना पाणी नाही, गावंच्या गावं खडी फोडायला गेलीत. लंकेत पलटणी गेल्यापासून आपलं काम वाढलंय, एवढं एकच वाक्य बोलून ते मग गप्प झाले होते. काय काम, हे मन्मथनं विचारलं नव्हतं. आता बंद दारापुढं उभा असताना त्याला आपल्या घरापासून तिसऱ्या घराची जाफरी दिसली. तिथं दिलशाद राहायची. तिचा नवरा सलीम लष्करात, सिग्नलमध्ये होता; दसऱ्याच्या सुमाराला जाफन्यात मारला गेला. सिंधुनं पत्रात दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘दिलशादकडं जीप आली होती. मी दोन दिवस तिच्याजवळच होते.’ ते पत्र त्यानं धावपट्टीशेजारच्या तंबूत उभ्याउभ्या वाचलं होतं आणि घडी घालून खिशात ठेवलं होतं. जीप हा शब्द त्याला तेव्हा अडला नव्हता.

दार उघडलं तेव्हा सिंधु समोर होती. केस ओले करून, विंचरून, मागं घट्ट बांधलेले. अंगावर करड्या रंगाची, इस्त्रीची साडी. तिनं आधी निवृत्तींकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती त्याच्या टोपीकडं, खांद्यावरच्या पट्ट्यांकडं, बुटांकडं अशा नजरेनं बघत होती, की जणू हे सगळं कुणीतरी आणून दाखवतंय आणि ओळख पटवून सही करायची आहे. मग ती बाजूला झाली. “या,” म्हणाली. निवृत्तींनाही म्हणाली, “या, बसा, चहा घेऊन जा.” निवृत्ती हात जोडून निघून गेले. तिनं अर्धा पेला पाणी आणून दिलं, अर्धाच का ते सांगितलं, “उरलेलं नीलूला शाळेतून आल्यावर लागतं.” आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्ह पेटवला. त्यानं मागोमाग जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता. “घाबरलीस?” त्यानं विचारलं. “न्हाई,” ती म्हणाली. “दुपारचं झोप लागली होती जरा.” झोपलेली बाई एवढ्यात केस ओले करून विंचरत नाही, हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं फळीवरचे दोन कप काढून तिच्यापुढं ठेवले.

रजेचे पुढचे दिवस तसे नेहमीसारखेच गेले. नीलू, म्हणजे नीलम्मा, त्याच्या आजीच्या नावाची, आता त्याच्या खांद्याला लागत होती. ती त्याला “अप्पा, बोटीवर उतरताना ब्रेक लागतो का?” असलं काहीबाही विचारायची आणि तो तोंड भरून सांगायचा. विमानाच्या शेपटीखाली आकडा असतो, डेकवर आडव्या तारा असतात, आकडा तारेत अडकला की विमान कुत्र्याला साखळीनं ओढावं तसं थांबतं. हे सांगताना त्याला पूर्वी स्वतःचाच हेवा वाटायचा. आता सांगता सांगता त्याचं लक्ष सिंधुकडं जायचं. ती तांदूळ निवडत असायची, आणि आकडा म्हटलं की तिची बोटं थांबायची. तेवढ्यापुरतीच. पुन्हा चालू. पंधरा वर्षं तो हे घरात सांगत आला होता, आणि ही बोटं कधी दिसली नव्हती. एका रात्री तीनदा उतरायचा प्रयत्न फसून चौथ्यांदा तार मिळाली होती, ती गोष्ट तो पाहुण्यांपुढं रंगवून सांगायचा. लोक हसायचे, सिंधु चहा आणायला उठायची. दर वेळी त्याच जागी उठायची. त्याला विमान शिकवणारा मास्तर म्हणायचा, अंधारात शरीर खोटं सांगतं. आपण सरळ चाललोय असं वाटतं आणि विमान तिरकं होऊन खाली जात असतं. समोरच्या यंत्रांच्या काट्यांकडं बघ, स्वतःवर विश्वास ठेवू नको. त्यानं आयुष्यभर ते पाळलं. पाण्यावर आभाळ आणि समुद्र एकच झालेले असायचे तेव्हाही त्याला भीती वाटली नाही, कारण समोर काटे होते. घरात काटे नव्हते. घर सरळ चाललंय असं त्याला वाटत होतं.

आणि मग गोव्याच्या दिवसांची आठवण येऊन चिकटली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते नेव्हीच्या क्वार्टरमध्ये राहिले होते. खिडकीतून धावपट्टी दिसायची. शेजारी एक तरुण जोडपं होतं, केरळचं. एका सकाळी काळी गाडी आली. गाडी वळणावर आली तेव्हा त्या रांगेतल्या सगळ्या बायका दारात आल्या होत्या, असं सिंधुनं त्याला सांगितलं होतं. गाडी एकेक दार मागं टाकत पुढं येत होती. ती शेजारच्या दाराशी थांबली. त्यानंतर महिन्याभरात सिंधुनं नांदेडला मास्तरणीच्या नोकरीचा अर्ज केला. नीलूची शाळा एका ठिकाणी नीट होईल, दर दोन वर्षांनी बदली नको, असं म्हणाली. त्याला ते पटलं होतं, उलट बायको किती समजूतदार आहे असंही तो मित्रांत बोलला होता. आता दुपारी आडवा पडून पंख्याकडं बघताना त्याला वाटलं, ती शाळेसाठी आली नव्हती. ती त्या रस्त्यापासून लांब आली होती. जिथं गाड्या येत नाहीत अशा गावी येऊन, नदीकाठी, गुरुद्वाराच्या जवळ, सायकलरिक्षांच्या घंटा ऐकत राहिली होती. आणि तो स्वतः त्या गाडीत बसून तिच्या दाराशी आला होता.

लातूरला भावाकडं आई होती, मल्लम्मा. तिला भेटायला जायचं होतं. सिंधुची सकाळची शाळा होती, म्हणून एकटाच निघाला. एसटी स्टँडवर जाण्याआधी निवृत्ती घरी आले, या वेळी पायी, जीप गल्लीबाहेर लावून. फाटकाबाहेरच उभे राहिले. लातूरकडंच निघालो आहे, म्हणाले. जिल्हा नवा, तिथली कचेरी अजून नीट लागलेली नाही, म्हणून तिकडचं काही काम इकडूनच बघावं लागतं. मग थोडं थांबून म्हणाले, “मुरुडच्या पलीकडं एक गाव हाय. पोरगं गेलंय तिथलं. व्यंकटी नाव. आई एकटीच. साहेब, मी सुभेदार माणूस. हापिसर आला तर घराला वाटतं, पोराची कदर झाली. तुम्हाला जमत नसंल तर न्हाई म्हणा, मी वाईट वाटून घेणार न्हाई.” मन्मथ आत गेला. सिंधु शाळेत गेली होती. त्यानं इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म खुंटीवरून काढला. आपण नाही म्हणू शकलो असतो, हे त्याला गुंड्या लावताना कळत होतं. पण त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून काय असतं ते बघितल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही, हेही कळत होतं.

रस्ताभर दोन्ही बाजूंना करपलेली ज्वारी होती, वीतभर वाढून थांबलेली. लातूर ओळखू येत नव्हतं. भाड्याच्या घरांवर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या, ओला रंग, चुन्याच्या रेघा, आणि सगळीकडं हातात रिकामी भांडी घेतलेली माणसं. मुरुड मागं पडलं. गावात पोचले तर गाव मोकळं. म्हातारी माणसं तेवढी पारावर. व्यंकटीची आई भामाबाई कुठं, विचारल्यावर एकानं हात केला, “समदे तलावावर हायत. रोजगार हमीच्या.” गावाबाहेर पाझर तलावाचं काम चाललं होतं. शेकडो माणसं, पुरुष खणत होते, बाया डोक्यावर मातीची टोपली घेऊन ओळीनं बांधावर चढत होत्या, माती टाकून दुसऱ्या बाजूनं उतरत होत्या. जीप दिसली आणि ओळ थांबली. एकदम नाही, खालून वर, एकेक बाई थांबत गेली. त्या शांततेत मन्मथ खाली उतरला. बुटांखाली माती भुसभुशीत होती. मुकादमानं नाव घेऊन हाक मारली. बांधाच्या मध्यावरून एक बारीक, उंच बाई वळून खाली आली. टोपलं तसंच डोक्यावर. पांढरी पडलेली साडी, कपाळ मोकळं, हातांना कोपरापर्यंत माती.

त्यानं वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. “तुम्ही व्यंकटीच्या आई?” तो म्हणाला.

“हाव.”

“मी कमांडर उदगिरे. व्यंकटी... गेला, बाई. मंगळवारी. तिथं चकमक झाली.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग वळली आणि टोपलं घेऊन बांधावर चढली. कुणी तिला अडवलं नाही. वर जाऊन तिनं माती टाकली, टोपलं झटकलं, आणि उतरून पुन्हा त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. निवृत्तींनी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यानं ती पुढं केली, तिनं घेतली नाही. “घरी कवा आनतेत?” तिनं विचारलं. निवृत्ती म्हणाले, “मावशे, तिथंच केलं समदं. अस्थी येतील.” ती मान हलवत राहिली. मग मन्मथला म्हणाली, “तुमी त्याच्यासंगं हुते का, साहेब?”

“नाही. मी विमानावर असतो. तिथंच, पण वर. समुद्रावर.”

“वरून दिसतंय का मानूस?”

“नाही, बाई. पाणी दिसतं. होड्या दिसतात.”

“हां,” ती म्हणाली. एवढं बोलून ती खाली बसली, मातीतच, आणि मग बाया भोवती जमल्या. पण रडणं सुरू व्हायच्या आधी, अगदी हलक्या आवाजात, ती त्यालाच बोलली. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये असं. “आमच्या गावची दोन पोरं हायती तिकडं. एक माझं, एक त्या पार्वतीबाईचं. ती बघा, ती निळ्या लुगड्याची. जीप वळली तवा मी मनात म्हनलं, तिचं असू दे. माझं नको, तिचं असू दे. आता तिच्याकडं कसं बघू मी?” निळ्या लुगड्याची बाई गर्दीतून पुढं येत होती, आधीच रडत. ती येऊन भामाबाईच्या गळ्यात पडली. भामाबाईचे हात मात्र थोडा वेळ तसेच, मातीनं भरलेले, हवेत राहिले. मग तिनं ते तिच्या पाठीवर टेकवले. मन्मथला तिथून निघता येईना. त्याला वाटलं, पार्वतीबाईही मनात हेच म्हणाली असेल, आणि तिचं ऐकलं गेलं. आणि म्हणून ती अशी रडते आहे. गावातल्या घरी ते तासभर बसले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्याखाली युनिफॉर्ममधला व्यंकटी, कान बाहेर आलेले, हसू दाबलेलं. शेजारच्या माणसांनी त्याला चहा दिला, कुठलं पाणी कुणी काढून दिलं कोण जाणे. आणि तो त्यानं प्यायला.

तो आईला न भेटताच नांदेडला परतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलू मैत्रिणीकडं गेली होती आणि सिंधु गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तो वर गेला. पायरीवर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. टोपलं, बांध, दुसरी बाई. सांगताना त्यानं एकही गोष्ट रंगवली नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, “तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. निवृत्ती नीट सांगतात, पण पाठ झालंय त्यांना.”

“सिंधु,” तो म्हणाला, “मी आलो त्या दिवशी दार का लावलंस?”

ती गच्चीच्या कठड्याला टेकली. खाली टँकर आला होता. माणसांचा गलका वर येत होता. “मला खिडकीतून जीप दिसली,” ती म्हणाली. “निवृत्ती उतरले. मागं पांढरी टोपी दिसली, वाकलेली. तोंड दिसलं न्हाई. मला वाटलं, नेव्हीचा कुणी हापिसर संगं आणलाय. मग मी दार लावलं. तोंड धुतलं, केस नीट केले. साडी बदलली. ती करडी साडी दोन वर्षांपासून वर काढून ठेवलीय. स्टोव्ह बंद केला. नीलूला शाळेतून कोण आणंल त्याचा विचार केला. दिलशादला सांगायचं ठरवलं. सगळं ठरलेलं होतं ना. गोव्याला असल्यापासून ठरवत आले मी. कुठं उभं राहायचं, काय बोलायचं, काय न्हाई बोलायचं.” ती थांबली. हातातला नीलूचा फ्रॉक तिनं पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. “आन तुम्हाला खरं सांगू? कडी काढायच्या आधी मला बरं वाटलं. घटकाभर. वाटलं, झालं एकदाचं. आता उद्यापासून भ्यायचं न्हाई. शाळेत घंटा झाली तरी भ्यायचं न्हाई, पोस्टमन आला तरी न्हाई. हलकं वाटलं हो एकदम. मग दार उघडलं, तर तुम्ही.”

“मग?”

“मग काय. पुन्हा पहिल्यासारखं.”

आपण हवेत सुटलोय असं त्याला वाटलं. विमान डेकवरून फेकलं जातं तेव्हा चाकं सुटतात आणि पंखांनी अजून हवा धरलेली नसते, तेवढ्या क्षणात असं होतं. पण तिथं लगेच नाक वर उचलता येतं. इथं हाताला काही लागेना. त्याला राग यायला हवा होता असं वाटलं, आणि राग आला नाही. मी मेलो असं समजून हिला हलकं वाटलं. हे वाक्य त्यानं मनात दोनतीनदा उलटून पालटून पाहिलं, आणि दर वेळी त्यात त्याला सिंधुचा दोष सापडेना. तेव्हा तो म्हणाला, “सोडतो मी उडणं. स्क्वाड्रनची कमांड देणार आहेत मला पुढच्या वर्षी. नको म्हणून सांगतो. कोचीनला ट्रेनिंगच्या ऑफिसात जागा आहे. जमिनीवरची.” आणि त्याच वेळी, अगदी आत, त्याला खात्री होती की ती नको म्हणेल. ती आजवर कधीच हो म्हणाली नव्हती. मुलगी झाली तेव्हा तो असंच बोलला होता, मित्र गेला तेव्हाही. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, ‘माझ्यासाठी काही सोडू नका, मग मलाच बघवणार न्हाई तुमच्याकडं.’ त्या नकाराच्या भरवशावर तो दर वेळी उदार होत आला होता.

“सोडा,” सिंधु म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

“या वेळी मी न्हाई म्हणणार न्हाई,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटत होतं मी म्हणीन. सोडा. कोचीन तर कोचीन. नीलूला घेऊन मी येते तिकडं.” तिनं घड्यांचा गठ्ठा उचलला आणि जिना उतरून गेली. तो तिथंच बसला. खाली टँकरपाशी भांडण लागलं होतं आणि मिटत होतं. आभाळ कोरडं, राखेच्या रंगाचं. त्याला एकदम इंजिनचा आवाज, पायांखालची ती थरथर, पहाटेच्या अंधारात डेकवर इंधनाचा आणि मिठाचा वास, हे सगळं इतकं जवळून आठवलं की त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. तिला वचन मागं घेतो असं सांगायला तो उठला, जिन्यापर्यंत गेला. स्वयंपाकघरातून सिंधुचा आवाज येत होता. ती काहीतरी गुणगुणत होती. सूर बरोबर नव्हता. लग्न झाल्यापासून त्यानं तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तो परत येऊन पायरीवर बसला.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, मी स्टेशनवर येते. ती कधी यायची नाही. दारातूनच निरोप द्यायची आणि आत वळायची, त्याला त्याचंही कौतुक वाटायचं. नीलूला शाळेत सोडून दोघं रिक्षानं गेले. गाडी लागलेली होती. त्यानं ट्रंक बाकाखाली ढकलली आणि खिडकीशी आला. ती खाली उभी होती. “गेल्या गेल्या सांगणार ना?” तिनं विचारलं.

“गेल्या गेल्या.”

“मग लगेच सोडतील?”

“लगेच कसं? बदली माणूस यायला हवा. वरून मंजुरी यायला हवी. दोनेक महिने जातील.”

“तेवढे दिवस उडावं लागंल?”

“लागेल.”

खिडकीच्या गजावर तिनं हात ठेवला होता, तो तिनं आवळला. बोटांची पेरं पांढरी पडली. तिच्या चेहऱ्यावर त्याला प्रथमच ते दिसलं, जे तिनं गोव्याच्या त्या सकाळपासून नीट घडी घालून कुठंतरी वर ठेवून दिलं होतं. दहा वर्षं ती तयार होती. आता ती तयार नव्हती. आपण तिला आशा दिली, आणि तिचं एवढ्या वर्षांचं सगळं ठरवलेलं मोडून टाकलं, हे त्याला कळलं तेव्हा गार्डनं शिट्टी दिली. “जपून,” सिंधु म्हणाली. हा शब्दही तिनं कधी वापरला नव्हता. गाडी हलली तरी तिनं गज सोडला नाही. ती बरोबर चालू लागली, मग भरभर, साडीच्या निऱ्या दुसऱ्या हातात धरून ती पळायला लागली तसा तो आतून तिची बोटं एकेक करून सोडवू लागला.